हत्ती श्रावणात का अडला



श्रोतेहो, विषय दिलाय लाकडी कोड्याच्या डब्यांचा आणि वेळ सात मिनिटं. त्यामुळे नमुन्याचा कागद कसा चिकटवायचा, भोक पाडून पातं कसं ओवायचं हे सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी स्क्रोल सॉ आहे त्यांना ते येतंच. मला एकच सांगायचंय : लाकडाच्या रेषा बघा. करवतीचं बटण दाबायच्या आधी बघा.

मागच्या मे महिन्यात नातीसाठी सागाची डबी केली, हत्तीच्या आकाराची. शेपूट ओढलं की पोटातली पट्टी सरकते, पट्टी सरकली की खण बाहेर येतो. ही पट्टी मी शिसवीची घातली, आणि काळ्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून बाकीच्या लाकडाला आडवी. फटीत केस जाणार नाही इतकी चपखल. स्वतःवरच खूश होऊन खणात शंभराची कोरी नोट ठेवली. राखीपौर्णिमेला पोरगी शेपूट ओढतेय आणि हत्ती ढिम्म! मी ओढलं, जावईबापूंनी ओढलं. शेवटी ते पेचकस शोधायला लागले तेव्हा मी हत्ती पोटाशी धरला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमचं कोडं तुम्हालाच सुटेना होय?"

आता बघा. आपण सोलापूरकर कडक भाकरी खाणारी माणसं. नीट वाळलेली भाकरी दिवसच्या दिवस टिकते, शेंगाचटणीबरोबर कुरकुर वाजते. तीच श्रावणात तासभर उघडी ठेवा, चामट होते. हवेतलं पाणी पिते ती. लाकूडही असंच पितं. झाड तोडून वीस वर्षं झाली तरी पितं, आणि मे महिन्यात सगळं ओकून टाकतं. भाकरी घाईने मोठ्या आचेवर वाळवली तर वाकते. फळीही वाकते. म्हणून वखारीतून आणलेलं लाकूड लगेच कापू नका. दोन-तीन आठवडे घरात पडू द्या, खाली-वर हवा खेळू द्या. फक्त एका जागी भाकरीची उपमा लंगडते. भाकरी चहूकडून सारखीच, तिला रेषा नसतात. लाकडाला असतात, आणि सगळी मेख तिथेच आहे.

लाकूड फुगतं ते रेषांच्या आडव्या अंगाला. रेषांच्या लांबीत जवळजवळ नाहीच. सागाची चार इंच रुंद फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात गेली की अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंदावते. पाच नंबरचं पातं खातं जेमतेम 0.4 मिलिमीटर. करा हिशोब! पट्टी आणि तिची खाच एकाच ठोकळ्यातली, रेषा एकाच दिशेला, तर दोघी मिळून फुगतात, मिळून आकसतात. भांडण नाही. माझ्या हत्तीत खाच लांबीच्या अंगाला, ती जागची हलेना. पट्टी मात्र आडवी, ती फुगली. मग शेपूट कसं निघणार?

मागावर बसणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून गिरण्यांतून पाण्याचे फवारे सोडत. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला लाकडी खेळण्यांचा संच आमच्याकडे आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची झाकणं खुळखुळायला लागली. कारागिराचा दोष काय त्यात? तो कोकणच्या हवेत काम करतो. आपण त्याचं काम सोलापूरच्या भट्टीत आणून ठेवलं. जपानात हाकोनेचे कारागीर तर अशा डब्या करतात की बाजू आलटून पालटून दहा-दहा वेळा सरकवल्याशिवाय उघडत नाहीत. इतकी सरकवासरकव, आणि एक जरी बाजू फुगली तरी... त्यांचं लाकूड मुरवणं हा वेगळाच विषय आहे, तो पुन्हा कधीतरी.

म्हणून परत सांगतो, रेषा बघा. पट्टीवर पेन्सिलीने बाण काढा, ठोकळ्यावर काढा, दोन्ही बाण एकीकडेच. दुसऱ्या जातीचं लाकूड घालायची हौस असेल तर फट ठेवा. उन्हाळ्यात पोस्टकार्ड सहज आत जावं इतकी. मे महिन्यात डबी थोडी खुळखुळली तर लाजू नका. कागदाचे कपटे कोंबून घट्ट तर अजिबात करू नका! मी पंचवीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलं, त्यातली निम्मी पोरं हेच करायची. आणि सरकत्या अंगांना पॉलिश नको, ते दमट हवेत चिकटतं. घरातली मेणबत्ती घासा.

टेबल दोन-तीन अंश तिरकं ठेवून कापलं तर तुकडा एकाच बाजूने निघतो आणि दुसऱ्या बाजूने अडकतो. त्यातून छान कुलूप जमतं, पण त्याला पातं ताठ... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात दिसतोय. राहू दे.

हत्तीचं विचाराल, तर दिवाळी उलटून थंडी कोरडी पडल्यावर एका सकाळी शेपूट नुसतं बोट लावताच निघालं. नोट जागेवर होती. पट्टी मी काढून टाकली. नवी सागाचीच घातलीय, उभ्या रेषांची. दिसायला साधी आहे, नातीला ती आवडलेली नाही.