सागरतळावरील तांबडा थर

सन 2003 मध्ये ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या संशोधक जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाला पाच ठिकाणी छिद्रे पाडली. नामिबियाच्या किनाऱ्यापासून नैऋत्येकडे समुद्राखालून एक पर्वतरांग गेली आहे. तिचे नाव वॉल्व्हिस. तिच्या उतारावरील ही पाच ठिकाणे मुद्दाम निरनिराळ्या खोलीची निवडली होती. सर्वांत उथळ ठिकाणी पाणी सुमारे 2,700 मीटर, तर सर्वांत खोल ठिकाणी 4,700 मीटरांहून अधिक होते. नळीतून वर आलेल्या गाळाच्या कांड्यांत एका जागी विलक्षण प्रकार दिसला. खालून फिकट, चुन्याने भरलेला गाळ येत होता; तो एकाएकी संपून गर्द तांबड्या मातीचा थर लागला. त्यात चुना जवळजवळ नव्हताच. त्याच्या वर रंग हळूहळू पुन्हा फिका होत गेला होता. पाचही ठिकाणी हीच कथा. तांबड्या थराचे वय सुमारे 5 कोटी 60 लाख वर्षे.

हा थर काय सांगतो ते कळण्यासाठी सागरतळावर चुना येतो कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. समुद्राच्या वरच्या थरात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव आणि त्यांहूनही सूक्ष्म अशी शेवाळे असंख्य प्रमाणात राहतात. ती पाण्यातील चुन्याची कवचे करून घेतात आणि मेली की ती कवचे खाली पडू लागतात. परंतु फार खोल पाणी थंड असते, त्यावर दाबही प्रचंड असतो आणि कुजणाऱ्या जैव पदार्थांचा कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, त्यात साचलेला असतो. अशा पाण्यात चुना विरघळतो. म्हणून एका ठरावीक खोलीच्या वर तळ पांढरा राहतो आणि खाली नुसती माती उरते. हिमालयावर हिमरेषा असते, तशीच ही समुद्रातील चुन्याची रेषा. 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ही रेषा दहा हजार वर्षांच्या आत दोन किलोमीटरांहून अधिक वर सरकली. तांबडा थर म्हणजे विरघळून गेलेल्या चुन्याची रिकामी जागा.

याचे कारण हवेत आणि पाण्यात अल्पावधीत मिसळलेला प्रचंड कार्बन. तो कोठून आला, याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. उत्तर अटलांटिक उघडत असताना झालेले ज्वालामुखींचे उद्रेक हा त्याचा एक प्रबळ उगम मानला जातो; सागरतळाच्या गाळात गोठून राहिलेल्या मिथेनकडेही काही जण बोट दाखवितात. कर्बवायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल होते आणि ज्या कार्बोनेटापासून कवचे बनतात, तेच कार्बोनेट ते खर्ची घालते. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला असता डाग पडून तिची झिळई जाते, हे घराघरांतील अनुभवाचे आहे. समुद्र काही लिंबाच्या रसासारखा आंबट झाला नव्हता. तो अल्कधर्मीच राहिला. पृष्ठजलाचा सामू सुमारे 0.3 ने उतरला असावा, असा अंदाज आहे. ऐकावयास हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की एवढ्यानेही आम्लता जवळजवळ दुप्पट होते.

पृथ्वीचे सरासरी तापमानही 5 अंशांहून अधिक वाढले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात वाढत्या पावसाने जमिनीवरील पोषक द्रव्ये किनाऱ्याच्या समुद्रात वाहून आणली. शेवाळे माजली, मेली, आणि त्यांच्या कुजण्यात उरलासुरला प्राणवायू खर्च झाला. ईजिप्तमध्ये लक्सरजवळ दबाबिया येथे त्या काळाची गडद, पापुद्र्या-पापुद्र्यांची माती पाहावयास मिळते. समुद्रतळाचा गाळ एरवी किडे आणि शिंपले उकरून एकजीव करीत असतात. येथे पापुद्रे अभंग राहिले, कारण उकरणारे प्राणी तेथे जगूच शकले नाहीत.

खोल तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेराच्या सुमारे तीस ते पन्नास टक्के जाती या काळात नाहीशा झाल्या. उष्णता, आम्लता आणि प्राणवायूची टंचाई, यांपैकी कोणता घाव वर्मी बसला हे वेगळे काढणे कठीण आहे. तिन्ही एकदमच आले होते. पृष्ठभागावरचे त्यांचे भाईबंद मात्र बरेचसे तगले. टेथिस समुद्राच्या उथळ भागांतील प्रवाळांची बेटे खचली आणि त्यांची जागा मोठ्या, नाण्यांसारख्या फोरामिनिफेरांनी घेतली. त्याच कुळातील न्यूम्युलाइटांच्या कवचांनी भरलेला चुनखडक पुढे गिझाच्या पिरॅमिडांना लागला. कच्छमध्येही असा खडक आहे.

पृष्ठभागावरचे जीव तगले, यात वेगाचा वाटा मोठा होता. तो कार्बन काही हजार वर्षांत मिसळत गेला. एका अंदाजाप्रमाणे दर वर्षी साधारण 1 अब्ज टन किंवा त्याहून कमी. तेवढ्या अवधीत तळावरचा चुना विरघळून आम्लाचा पुष्कळसा भार स्वतःवर घेऊ शकला. आज कोळसा आणि तेल जाळून दर वर्षी सुमारे 10 अब्ज टन कार्बन हवेत जातो. समुद्राचे पाणी वरून खाली आणि पुन्हा वर फिरण्यास सुमारे हजार वर्षे लागतात. त्यामुळे तळावरच्या चुन्याची मदत वेळेवर पोहोचत नाही, आणि आम्लाचा पहिला भार पृष्ठभागावरच्या कवचांवर व प्रवाळांवर पडतो. तांबडा थर या आजच्या घटनेचे हुबेहूब चित्र नव्हे. त्या काळी ध्रुवांवर मोठी हिमच्छत्रे नव्हती आणि आरंभीचे समुद्रही आजच्याहून उबदार होते. परंतु चुन्याचे रसायन तेव्हा होते तेच आज आहे.

समुद्र सावरला, पण त्याला लाखाहून अधिक वर्षे लागली. उष्ण, दमट हवेत डोंगर झिजले आणि त्यांतील चुना व क्षार नद्यांनी थोडे थोडे करून समुद्रात आणले. खाली उतरता उतरता चुन्याची रेषा पूर्वीच्या जागेहूनही खोल गेली. म्हणूनच कांड्यांमध्ये तांबड्या थराच्या वर, काही अंतरावर, काही ठिकाणी गाळ आधीपेक्षाही पांढरा आढळतो.