सोलापूर–मुंबई : आकाशमार्गाचा हिशेब

सोलापूर व मुंबई येथील विमानतळांमधील सरळ अंतर सुमारें ३६० किलोमीटर भरतें. भोर घाट उतरून जाणारा लोहमार्ग मात्र ४५५ किलोमीटरांचा. विमानास घाट अडवीत नाहीं, धुराडें अडवितें. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याचें सुमारें ९० मीटर उंच धुराडें सभासद शेतकऱ्यांचा विरोध असतांहि १५ जून २०२३ रोजीं पाडण्यांत आलें. ९ जून २०२५ रोजीं गोव्यास व १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबईस विमान सुरू झालें. वंदे भारत गाडीस सुमारें साडेसहा तास लागतात, विमानास तासभर. मात्र विमानतळावर आधीं पोंचणें, तपासणी व उतरल्यावर शहर गांठणें, हा वेळ मिळविल्याविना हिशेब पुरा होत नाहीं. आणि वाचलेल्या तासांपायीं ऊसकऱ्यांचें धुराडें खर्चीं पडलें, हेंहि त्यांतच मांडावयास हवें.