स्तंभावरील नावे कोणाची?

(इस्लापूर, ता. किनवट येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भीमेच्या काठी, कोरेगावचा दगडी स्तंभ उभा आहे. आपल्यापैकी कित्येकजण १ जानेवारीस तेथे जाऊन मस्तक नमवितात. परंतु त्यावरील लेख आपण कधी वाचला आहे काय?

तो लेख कॅप्टन स्टाँटन या इंग्रज सेनानीच्या तुकडीचा गौरव करतो. १ जानेवारी १८१८ रोजी या तुकडीने पेशव्यांच्या मोठ्या सैन्याशी दिवसभर झुंज दिली. १८२१ मध्ये स्तंभाची कोनशिला बसविली गेली. कंपनी सरकारने तो स्वतःच्या विजयाची खूण म्हणून उभारला. अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी नव्हे. हे सत्य आपण लपविण्याचे कारण नाही.

मात्र त्याच दगडावर पडलेल्या शिपायांची नावे आहेत. मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती महार शिपायांची होत. शेजारी मराठा, राजपूत व मुसलमान शिपायांचीही नावे आहेत. गावात ज्यांची सावली वर्ज्य होती, त्यांचे नाव तेथे इतरांच्या पंक्तीला बसले!

पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. दगडावरील नावाने पोट भरत नाही, हक्कही मिळत नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरतीसाठी अर्ज केला. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी महाडच्या तळ्याचा सत्याग्रह त्यांनी केला. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. सेनानीच्या कीर्तिस्तंभाला आपल्या माणसांनीच नवा अर्थ दिला, आणि तो अर्थ चळवळीने दिला.

आपणा मराठवाड्यातील लोकांना नावाची किंमत कोणी शिकवावयास नको. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचे नाव यावे म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत आपण लढलो. आपल्याच नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांना १९७८ मध्ये त्यापायी प्राण गमवावे लागले.

तेव्हा इस्लापूरकरांना माझी एकच विनंती आहे. आपले आजे-पणजे वेठीला राबले. गाव त्यांना नावाने नव्हे, कामाने हाक मारी. त्यांची नावे कोणत्याही रस्त्यावरील दगडावर नाहीत. आपल्या विहारात एक वही ठेवा. पहिली मुलगी शाळेत कोणी धाडली, येसकरकीची काठी कोणी टाकली, विहिरीवर प्रथम कोण गेले, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहा. सेनानींचे स्तंभ सरकारे उभारतात. आपली नोंद आपणच केली पाहिजे, आणि ती म्हातारी माणसे आहेत तोवरच केली पाहिजे.

जय भीम.