मागच्या आसनावरून

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खाटा किती वाढल्या, शस्त्रक्रिया किती झाल्या, निधी किती जमला, हा तपशील दरवर्षी आम्ही या व्यासपीठावरून आपल्यापुढे ठेवतो. यंदाही तो अहवालाच्या पुढील पानांवर आहेच. आज मात्र ज्या विभागाच्या खाटा रिकाम्या राहिलेल्या पाहून आम्हांला सर्वाधिक आनंद होतो, त्या अपघात विभागाविषयी बोलण्याची परवानगी घेतो.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र शासनाचा अहवाल सांगतो. एखाद्या जिल्ह्याच्या शहरातील सगळी वस्ती एका वर्षात नाहीशी व्हावी, तसे हे झाले. परंतु आकडा मोठा झाला की तो मनाला स्पर्श करीत नाही, हा आमचाही अनुभव आहे. म्हणून आमच्या पथकाने डोळ्यांनी पाहिलेला एकच प्रसंग सांगतो. त्या कुटुंबाच्या संमतीनेच तो येथे येत आहे. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

वाई तालुक्यातील नेत्रतपासणी शिबिर आटोपून आम्ही संध्याकाळी पुण्याकडे परतत होतो. खंबाटकीचा बोगदा मागे पडला होता आणि शिरवळ जवळ आले होते. दिवेलागणीची वेळ, म्हणजे उजेड धड नाही आणि अंधारही धड नाही. एक मोटार आम्हांला डाव्या बाजूने ओलांडून पुढे गेली. त्याच मार्गिकेत पुढे एक मालट्रक बंद पडून उभा होता. मागचे दिवे लागलेले नव्हते; सावधानतेची खूण म्हणून चार दगड आणि झाडाची एक फांदी तेवढी मागे ठेवली होती. पुढे जे झाले त्याचे वर्णन करणार नाही. इतकेच सांगतो की, आवाज एकदाच झाला आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती अधिक भयंकर होती.

आमच्या चालकाने गाडी कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावले आणि तो मागच्या वाहनांना थोपविण्यासाठी विजेरी घेऊन दूरवर उभा राहिला. परिचारिकाताई जखमींकडे धावल्या. एकाने १०८ क्रमांकाला दूरध्वनी करून किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगितला. जवळच्या ढाब्यावरची मुले धावत आली होती. त्यांची तळमळ खरी होती, पण ती जखमींचे हातपाय धरून ओढू लागली, कोणी पाणी पाजू पाहत होते. ताईंनी त्यांना थांबविले. मणक्याला इजा असेल तर अशा ओढाताणीने जन्माचे पंगुत्व येऊ शकते. गाडीला आग किंवा तसाच धोका नसेल तर जखमीला हलवू नये. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि तोंडाने काहीही देऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

गर्दीतून एक आवाज आला, “पोलीस केस आहे, हात लावू नका.” ही भीती आता निराधार आहे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला रुग्णालयात पोहोचविणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. तसा फलक आपल्या प्रवेशद्वाराशी मराठीत लावलेला आहे. येताजाता तो जरूर वाचावा.

मोटारीत चौघे होते. पुढचे दोघे, मुलगा आणि सून, पट्टे लावून बसले होते, ते वाचले. मागे आजी आणि नात. नात बचावली, पण तिच्या पायाची दोन हाडे मोडली. आजी रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच गेल्या.

मुलगा उत्तम गाडी चालवितो, वीस वर्षांत ओरखडा नाही, असे सर्वजण सांगत होते. ते खरेच असेल. पण ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर पुढे जाते. समोरच्या वाहनांसाठी दिव्याचा झोत खाली ठेवला, की अंधारातला दिवे नसलेला ट्रक फार तर ४०-५० मीटरवर दिसतो. तो दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद जातो आणि त्यानंतर गाडी थांबण्यास आणखी चाळीसेक मीटर लागतात. ही वजाबाकी कोणाच्याही कौशल्याने बदलत नाही. ती बदलते फक्त वेग उतरविल्याने.

मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर आतले पट्टा न लावलेले शरीर थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे जाऊन आदळते. हा आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-साडेचार मजल्यांवरून पडल्यासारखा असतो. शिवाय ते शरीर पुढच्या आसनावर आपटून पुढच्या माणसालाही जखमी करते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात आढळले. महागडी मोटार होती, हे लक्षात घ्यावे. त्या वर्षी पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसे दगावली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी चालक नव्हती, प्रवासी होती. मागील प्रवाशालाही पट्टा सक्तीचा आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या धाकाने पट्टा लावला तर नाका ओलांडताच तो सुटतो.

त्या मुलाने पुढे वॉर्डात आम्हांला एक गोष्ट सांगितली. निघताना नात पट्टा शोधत होती, पण त्याचे कुलूप तिला सापडले नाही. नवीन गाडी घेतली तेव्हा हौसेने शिवून घेतलेल्या सीट कव्हरखाली ते दबून गेले होते. “मागेच तर बसायचंय, राहू दे,” असे आजी म्हणाल्या. हे सर्वांना सांगा, असे तो मुलगा दोनदा म्हणाला.

या सभागृहातील पुष्कळ जण मागच्या आसनावर बसणारे आहेत. गाडी पगारी चालक चालवितो, नाहीतर मुलगा, जावई. “जरा हाण, उशीर झाला” हे वाक्य मागूनच पुढे जाते. घरी असलेले दर दहा मिनिटांनी “कुठवर आलात?” म्हणून चालवणाऱ्यालाच फोन करतात, आणि ताशी ८० च्या वेगात दोन सेकंद फोनकडे पाहिले तर ४४ मीटर रस्ता न पाहता जातो. चालकाला रात्री लग्नघरी जागवून पहाटे परतीला जुंपणारेही आपणच. चालकाला दोष देणे सोपे असते. तो किती झोपला, हे निघण्यापूर्वी विचारण्याइतके मात्र आपल्याला सुचत नाही. विचारले तर तो कदाचित “झोपलो साहेब” असेच म्हणेल. तेव्हा डोळ्यांकडे पाहूनच ठरवावे.

संस्थेच्या वाहनांपुरता नियम या वर्षापासून केला आहे. शिबिर कितीही लांबले तरी चालकाला सात तासांची झोप मिळाल्याखेरीज रात्रीचा परतीचा प्रवास नाही, मग मुक्कामाचा खर्च होवो. तो खर्च अहवालात ‘शिबिर निवास’ या शीर्षकाखाली दिसेल. वाढ का झाली, असे काही देणगीदारांनी विचारले होते. कारण हे आहे.

आणखी एक व्यवस्था आजच केली आहे. वाहनतळावर सीट कव्हर शिवणारे दोन कारागीर बसले आहेत. कव्हरला चीर पाडून, कडा शिवून, मागच्या पट्ट्यांची कुलपे ते वर काढून देतील. एका गाडीला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि त्याचे शुल्क नाही. किल्ली प्रवेशद्वारावरील सेवकाकडे द्यावी. तोवर आत चहा तयार आहे.