गवताखालची माती

पडसें आलें कीं रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकावयाचे, ही चाल आपल्याकडे घरोघरीं आहे. त्या झाडाला आपण दक्षिणेंतील एका पर्वताचें नांव दिलें. परंतु तें मूळचें ऑस्ट्रेलियाचें. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनीं तें निलगिरी पर्वतावर नेलें. दोन हजार मीटरांहून उंच असें तें पठार तेव्हां बहुतांशीं गवताळ होतें. ओढ्यांच्या खोलगट जागीं तेवढी 'शोला' नांवाची दाट झाडी; बाकी तोडा लोकांच्या म्हशींचें कुरण.

या कुरणाची गणना सरकारदरबारीं पडीक जमिनींत होई. जंगल तोडल्यामुळें उरलेला हा माळ, असाही एक तर्क होता. परंतु तेथील दलदलींत सांठलेल्या वनस्पतींच्या थरांचें पृथक्करण १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. गेल्या सुमारें वीस हजार वर्षांत हवामानाप्रमाणें गवत व झाडी यांचें प्रमाण बदलत आलें आहे, असें त्यावरून दिसतें. म्हणजे गवत कुऱ्हाडीच्या कितीतरी आधींचें.

आतां त्याखालची माती पाहूं. गवत आपल्या देहाचा मोठा भाग जमिनींत ठेवतें. बारीक मुळें मरतात, थंडीमुळें सावकाश कुजतात, आणि काळा सेंद्रिय अंश सांठत जातो. त्यायोगें माती रवाळ होते. पाऊस तींत मुरतो आणि पुढें झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर पडतो. खालीं मात्र तांबडी, आम्लधर्मी, निकस माती. सारें वैभव काय तें वरच्या थरांत!

कुरण नांगरून बटाटा लावला कीं मातींत हवा खेळते, सूक्ष्म जंतु फोफावतात आणि तो काळा अंश वायुरूपानें उडूं लागतो. उताराच्या दिशेनें सऱ्या ओढलेल्या असल्या तर उरलेला पावसाबरोबर जातो. स्फुरदाचें खत घालावें, तर मातींतील लोह व ॲल्युमिनियम त्यांतला बराचसा भाग बांधून ठेवतात. चहाचें त्या मानानें बरें. झुडूप जमीन झांकतें. पण अमोनियम सल्फेटानें आम्लता वाढते व चुना घालीत राहावें लागतें.

झाडांची गोष्ट अधिक चकविणारी आहे. वृक्षारोपण म्हणजे पुण्यकर्म, असें आम्ही शिक्षक मुलांना सांगतों. तें गैर नव्हे, पण जागा पाहून. निलगिरीवरच ग्लेनमॉर्गन येथें दोन लगतचीं पाणलोटक्षेत्रें १९६८ पासून मोजलीं गेलीं. एकांत गवत ठेवलें. दुसऱ्याच्या सुमारें ५९ टक्के भागांत १९७२ मध्यें निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांत ओढ्याचें पाणी सरासरी १६ टक्क्यांनीं घटलें. झाडें तोडल्यावर खुंटांना फूट आली, त्या दुसऱ्या खेपेस घट सुमारें २५ टक्क्यांवर गेली. गवतापेक्षां खोल जाणारीं मुळें मातींतला ओलावा ओढून घेतात, तो झऱ्यापर्यंत पोंचतच नाहीं. खालीं भवानी नदीच्या कांठच्या शेतकऱ्याला या टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं.

निलगिरीबरोबर वॅटल नांवाचें दुसरें ऑस्ट्रेलियन झाडही तेथें पसरलें आहे. तें तोडून गवत परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण वॅटल पडलें त्या शेंगावर्गांतलें; तें मातींत नत्र भरतें, आणि तण त्यावर पोसतें. शिवाय त्याचें बीं जमिनींत कित्येक वर्षें जिवंत राहतें व झाड तोडतांच उगवतें. म्हणून तेथील माणसें वर्षामागून वर्ष वॅटलचीं रोपें उपटतात आणि गवताचे ठोंब एकेक करून हातानें लावतात.