श्रद्धा ठेवून विचारलेल्या शंका
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचून दाखविलेले भाषण)



लोणची-पापड आणि भरतकाम यांच्या पलीकडे जाऊन यंदा प्रत्येकीने आपल्या मनातला एक प्रश्न मांडावा, असे चिटणीसबाईंनी ठरविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले आहे. पण माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी मिळून पुष्कळ वाचले. इंग्रजी ती वाचायची आणि मला मराठीत सांगायची. हे दोन शब्द त्यातूनच लिहिले आहेत.

विषय जरा अवघड आहे. आपण बायका ओट्यावर बसून तो हळू आवाजात बोलतो आणि पुरुषमाणूस आले की भाजीच्या भावावर येतो. मी वसईची ख्रिस्ती, कॅथलिक. रविवारची मिस्सा मी चुकवीत नाही आणि संध्याकाळची रोझरी आमच्या घरात चालू आहे. तेव्हा मी ख्रिस्तसभेवर रागावून बोलते आहे असे कोणी समजू नये. जिचे आपल्या माहेरावर प्रेम असते तीच माहेरच्या माणसांना दोन प्रश्न विचारते. परक्याला कोण विचारणार?

आमच्या हिंदू भगिनींसाठी थोडक्यात सांगते. कॅथलिक शिकवण अशी की गर्भ राहिल्या क्षणापासून तो माणूसच मानावा. म्हणून गर्भपात मोठे पाप आहे, आणि जाणूनबुजून तो केला तर माणूस धर्मसभेबाहेर पडतो. नवराबायकोने मूल होऊ नये म्हणून गोळी, तांबी, निरोध किंवा ऑपरेशन यांचा आधार घेणे हेही चूक. चालते ते एवढेच की गर्भ राहण्याचे दिवस ओळखून त्या दिवसांत दूर राहावे. बाराव्या पायस पोपनी १९५१ साली सुइणींपुढे भाषण केले, त्यात ही सवलत स्पष्ट सांगितली. लग्नाआधीच्या वर्गात आजही हीच नैसर्गिक पद्धत शिकवितात.

तो वर्ग मीही केला आहे. तक्ता काढून दाखविला होता. तक्ता बरोबरच आहे, त्यात खोटे काही नाही. पण पाळी वेळेवर येणारी बाई, आणि ‘आज नको’ म्हटल्यावर ऐकणारा नवरा, असे दोघे असले तरच तो चालतो. आमच्या आळीत अशा बायका आहेत की ज्यांचा नवरा रात्री दारू पिऊन येतो. त्या तक्त्यात दारूचा रकाना नाही. अशा बाईने काय करावे हे मी एकदा वर्गात विचारले, तेव्हा ‘प्रार्थना करावी’ असे उत्तर मिळाले. प्रार्थना ती करतेच हो. चार मुलांनंतर तर जास्तच करते.

आता माझे स्वतःचे सांगते. मला तीन मुले, तिन्ही सीझर. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितले की चौथ्यांदा पोट उघडण्याची वेळ आली तर मी जबाबदारी घेणार नाही. त्याच वेळी ऑपरेशन करून घ्या. नवऱ्याने सही केली, मीही केली. पुढे पापनिवेदनाला गेले तेव्हा हे सांगितले. धर्मगुरू म्हणाले, याबद्दल मनापासून पश्चात्ताप करा. मी तिथेच अडले. जिभेने म्हणणे सोपे होते. पण घरी तीन लहान मुले झोपलेली होती आणि त्यांची आई जिवंत होती. याचा पश्चात्ताप मनातून आणू कसा? देवापुढे खोटे बोलणे हे तर वेगळेच पाप. पुढे दुसऱ्या एका फादरांना विचारले. ते म्हणाले, बाई, तुमच्या सद्सद्विवेकाला विचारा आणि ख्रिस्तप्रसाद घ्या. एकाच वेदीवरचे दोघे, आणि उत्तरे दोन. मी ख्रिस्तप्रसाद घेते. पण रांगेत उभी असताना पहिल्या फादरांचा शब्द आजही कानात येतो.

मला वाटत होते की ही शंका माझ्यासारख्या अडाणी बाईलाच येते. वाचल्यावर कळले की थेट रोममध्येही ती आली होती. तेविसाव्या जॉन पोपनी १९६३ साली या प्रश्नावर एक मंडळ नेमले आणि सहाव्या पॉल पोपनी ते वाढविले. त्यात बिशप होते, डॉक्टर होते, आणि थोडी विवाहित जोडपीही होती. शिकागोच्या पॅटी क्राउली या बाई आपल्या पतीबरोबर त्यात होत्या. त्यांनी ठिकठिकाणच्या संसारी कॅथलिकांची पत्रे गोळा करून तिथे नेली. दिवस मोजता मोजता संसारात किती ताण येतो, हे बायकांनी त्यांत लिहिले होते. १९६६ मध्ये त्या मंडळातील बहुसंख्यांचे मत पडले की ही बंदी सैल करावी. पोपनी ते मानले नाही. १९६८ च्या जुलैत त्यांचे ‘हुमाने विते’ हे पत्र निघाले आणि बंदी तशीच राहिली. हेच पोप १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला आले होते. माझ्या सासूबाई तेव्हा लग्नाच्या व्हायच्या होत्या, आणि गर्दीत उभ्या राहून त्यांचे दर्शन घेतल्याचे त्या अजून सांगतात. पत्राविषयी मात्र त्यांना कधी कोणी काही सांगितले नाही. त्यांना सात मुले झाली, त्यांतली पाच जगली.

त्या पत्रानंतर दोनच महिन्यांनी कॅनडाच्या बिशपांनी निवेदन काढले. त्याचा मतलब असा की प्रामाणिक प्रयत्न करूनही एखाद्या जोडप्याला हे पाळता आले नाही आणि त्यांनी विवेकाला धरून मार्ग निवडला, तर त्यांनी स्वतःला देवापासून तुटलेले समजू नये. मुलीने हे वाचून दाखविले तेव्हा मी हातातली भाजी खाली ठेवली.

गर्भपाताविषयी माझे मन इतके सरळ नाही. पोट पाडणे ही साधी गोष्ट आहे असे मी कधीच म्हणणार नाही. सोनोग्राफी करून मुलगी आहे कळले की पाडायची, ही रीत आपल्या महाराष्ट्रात इतकी वाढली की १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. तिथे ख्रिस्तसभा ‘हा जीव आहे’ म्हणते तेव्हा मी तिच्या बाजूने उभी आहे. पण जीव कधीपासून, याविषयी ख्रिस्तसभेतले थोर लोकही नेहमी एकच बोलत आले आहेत असे नाही. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस मानीत की आत्मा पहिल्या दिवशी येत नाही. मुलाच्या गर्भात चाळीस दिवसांनी येतो, मुलीच्या गर्भात त्याच्या दुपटीहून उशिरा. (हसू नका, तिथेही मुलीला मागेच बसविले आहे!) पाप तेही मानीतच, पण पापाची पायरी वेगळी धरीत. शिक्षेतला हा भेद नवव्या पायस पोपनी १८६९ साली काढून टाकला.

आणि सविता हलप्पनवारची गोष्ट तर आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचलेली आहे. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, वय ३१. २०१२ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये गॉलवेच्या इस्पितळात तिचा सतरा आठवड्यांचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नाही हे ठरले होते. तिने गर्भ मोकळा करा म्हणून विनवले. पण गर्भाचे ठोके चालू होते आणि तिथला कायदा आड आला. हा कॅथलिक देश आहे, असे तिला तिथल्या एका सुईणबाईंनी सांगितले, आणि पुढे चौकशीत त्यांनी ते कबूल केले. अंगात जंतुदोष पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. नंतर तिथल्या बिशपांनी खुलासा केला की आईपेक्षा मुलाचा जीव मोठा असे ख्रिस्तसभेने कधीच शिकविलेले नाही. खुलासा खरा आहे, मी मानते. पण तो त्या आठवड्यात तिच्या खाटेपाशी का पोहोचला नाही? २०१८ मध्ये त्याच देशाने शंभरात सहासष्टांहून अधिक मते देऊन घटनेतले ते कलम काढले. मते देणारे बहुतेक कॅथलिक घरांतलेच होते.

इथे एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते. गर्भ नळीत राहिला तर, आजारी नळी काढणे हा उपचार आहे आणि त्यात गर्भ जातो हे हेतूने नव्हे, असे म्हणून आपले शास्त्री ते चालवून घेतात. पण नळी वाचवून नुसता गर्भ काढला, किंवा औषधाने विरघळविला, तर त्यांच्यातच वाद आहे. गर्भ दोन्हीकडे जातोच, वाचत कधीच नाही. फरक एवढाच की पहिल्या रीतीत बाईची नळीही जाते. आमच्या आळीतल्या एका सुनेला हे नातलगांनी समजावले, तेव्हा ती इस्पितळात पोट धरून बसली होती. अशा वेळी पोरीने शास्त्र ऐकायचे की टेबलावर जायचे?

एक मात्र बरे झाले. पूर्वी गर्भपाताच्या पापाची क्षमा करण्याचा अधिकार साध्या धर्मगुरूला सगळीकडे नसे, तो बिशपांकडे असे. फ्रान्सिस पोपनी दयेच्या वर्षात, २०१५ च्या डिसेंबरापासून, तो सर्व धर्मगुरूंना दिला आणि २०१६ च्या नोव्हेंबरात कायमचा केला. शिकवण त्यांनी बदलली नाही, पण दार उघडले. आपल्या गावातल्या काही जणींनी वीस-वीस वर्षे ही गोष्ट पोटात ठेवलेली आहे. त्यांच्या नवऱ्यांना कोणी कधी काही विचारलेले नाही, हेही इथे सांगून ठेवते.

मी आमच्या फादरांना एक विनंती केली आहे. लग्नाआधीच्या वर्गात तक्ता शिकविताना एका दिवशी संसारी बाईलाही बोलायला बोलवा, आणि त्या दिवशी मुलांना, म्हणजे होणाऱ्या नवऱ्यांना, पुढच्या बाकावर बसवा. ते म्हणाले, विचार करतो. उपवासकाळानंतरचा वर्ग सुरू व्हायला अजून दोन महिने आहेत. त्यांचे उत्तर येईपर्यंत मी काय बोलायचे ते वहीत लिहून ठेवते आहे. तुमच्यापैकी कोणाला काही सुचवायचे असेल तर चहाच्या वेळी मला गाठा, वही पिशवीतच आहे.