चित्राखालची पेन्सिल



आमच्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यावर लक्ष्मीचे जुने चित्र आहे. आजीने त्यावर टिकल्या आणि जरीचा काठ चिकटवलेला. एकदा गावात फिरता व्यापारी आला आणि म्हणाला, "गुरुजी, हे रविवर्म्याचं. मर्यादित आवृत्ती आहे, कुठं मिळायची नाही." गुरुजींनी मला विचारले, "मर्यादित आवृत्ती म्हणजे हो काय?"

प्रश्न साधा, पण यात माणसे पैशाला ठकतात. मीही ठकलो आहे, ते पुढे सांगतो.

आधी लक्ष्मीचे पाहू. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि १९७२ साली आगीत जळाला. तिथली छपाई शिळाछापाची. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा, म्हणजे शाई तेलकट जागीच बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड! ही चित्रे घरोघर जावीत म्हणूनच छापली. तेव्हा व्यापाऱ्याचा 'मर्यादित' हा शब्द इथे लागू पडत नाही. किंमत असलीच तर ती जुनेपणाची, चित्र किती सुस्थितीत आहे याची; आणि आजीच्या टिकल्यांची म्हणाल तर ती बाजारात ठरत नाही.

मर्यादित आवृत्ती निराळी. चित्रकार लाकडावर, तांब्याच्या पत्र्यावर किंवा दगडावर स्वतः चित्र काढतो आणि ठरवतो, की याच्या पन्नासच प्रती काढायच्या. मग प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने सही करतो आणि आकडा घालतो. समजा, १७/५०. वर्गात हा अपूर्णांक दाखवाल तर मुले म्हणतील, सतरा पन्नासांश. इथे तसे नाही. खालचा आकडा एकंदर प्रतींचा, वरचा या प्रतीचा. पहिली प्रत सर्वांत चांगली, असे पुष्कळांना वाटते. पण छापलेल्या क्रमानेच आकडे घातले जातात असे नाही, त्यामुळे १/५० साठी जास्त पैसे मोजण्याचे सहसा कारण नाही. अपवाद एक. पत्र्यावर सुईने नुसतेच ओरखडून चित्र काढले, तर रेषेच्या कडेला धातूची बारीक कड उभी राहते. तिच्यात शाई धरते आणि रेषा मखमली दिसते. पण दाबाने ही कड लवकर झिजते, म्हणून तिथे आधीच्या प्रती खरोखरच सरस.

काही चित्रांखाली आकड्याऐवजी 'ए. पी.' अशी अक्षरे असतात. ती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. अशा प्रती पन्नासांत मोजत नाहीत. म्हणजे पन्नास म्हटले तरी प्रत्यक्षात पंचावन्न असू शकतात! घेणाऱ्याने ते विचारून घ्यावे, लाजू नये. 'बी. ए. टी.' ही फ्रेंच अक्षरे त्या नमुन्यावर, जो पाहून चित्रकाराने 'आता याप्रमाणे छापा' असे कळवलेले असते.

आवृत्ती संपली की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात. रेम्ब्रांटच्या वेळी ही चाल नव्हती. तो १६६९ साली वारला, पण त्याचे तांब्याचे पत्रे राहिले आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ लोक त्यांवरून छाप काढत होते. पत्रा त्याचाच, पण रेषा झिजलेल्या. तेव्हा 'रेम्ब्रांटच्या पत्र्यावरून' आणि 'रेम्ब्रांटच्या हयातीत' या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून मी एक चित्र घेतले. खाली ११२/५००, सही, सोबत प्रमाणपत्र. पगारातले बरेच पैसे गेले, घरी बोलणीही खाल्ली. पुढे भिंग लावून पाहिले, तर सगळीकडे बारीक रंगीत ठिपक्यांची नेमकी जाळी, वर्तमानपत्रातल्या फोटोत असते तशी. म्हणजे मूळ रंगचित्राचा फोटो घेऊन यंत्रावर छापलेली नक्कल! दुकानदार खोटे बोलला नव्हता. प्रती खरेच पाचशे होत्या, सहीही खरी असेल. पण चित्रकाराने ना दगडाला हात लावला होता, ना पत्र्याला. मी विचारायला हवे होते, "हे छापले कशावरून?" ते मी विचारले नाही.

भिंग शाळेत असतेच. एकदा वर्तमानपत्रातला फोटो आणि घरचे जुने शिळाछापी चित्र मुलांना शेजारी शेजारी दाखवा. ठिपके जुन्या चित्रातही सापडतील, पण ते हाताने घातलेले. कुठे दाट, कुठे विरळ, रांगेत न बसणारे. गुरुजींनी लक्ष्मीच्या गालावर भिंग धरले तेव्हा तेच दिसले. त्यांनी चित्र विकले नाही. फुटलेली काच मात्र बदलून घेतली.